आडवी रेषा

आवडाबाईंच्या घरामागे बांबूच्या चार दांड्या होत्या. पहिलीवर बोंबील अठ्ठेचाळीस, दुसरीवर पन्नास, तिसरीवर पन्नास, चौथीवर बेचाळीस. पहिल्या तीन दांड्यांवरचे सगळे उन्हात चकाकत होते. चौथी दांडी डोंगराला सगळ्यात जवळची. तिच्यावरचे एकोणतीस करडे पडले होते, तेही फक्त डोंगराकडच्या अंगाने. उरलेले तेरा दांडीच्या उजव्या टोकाला होते आणि स्वच्छ होते.

मेघनाने दोनदा मोजलं, दोन्ही वेळा तेवढेच भरले.

"काय गो पोरी, बोंबील मोजाला आयलीस काय?" मागच्या दारात बसून आवडाबाईंनी विचारलं. "घे चार, पन धूल लागलेलं नको घेऊ. सकालधरनं नुसती धूल."

मेघना बोंबील मोजायला आली नव्हती. भूभौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून ती ठाण्याच्या एका लहानशा सर्वेक्षण कंपनीत लागली, त्याला वर्ष होत आलं होतं. शीळफाट्याच्या पुढे रस्ता रुंद करायचा होता, त्यासाठी डोंगराचं पूर्वेकडचं टोक सुरुंग लावून उडवायचं होतं. आज पहिला सुरुंग. डोंगराच्या पायथ्याला ओळीने अकरा घरं होती आणि त्यांतलं शेवटचं आवडाबाईंचं. त्या घराच्या ओट्यावर कंपनमापक ठेवायचा, सुरुंग उडाला की आकडा टिपायचा आणि डोंबिवलीला घरी जायचं, एवढंच तिचं आजचं काम होतं. डोंगराची तपासणी तिने गेल्याच महिन्यात करून दिली होती.

"आजी, वारा कुठून येतोय?"

"खारीकडनं. रोजचाच."

म्हणजे वारा घराच्या पुढून, खाडीवरून येत होता आणि धूळ घराच्या मागून. मेघना चौथ्या दांडीखालून वाकून पलीकडे गेली. तिथून डोंगराचा काळा कातळ उभा चढत होता. त्यात गुडघ्याच्या उंचीवर एक आडवी गेलेली भेग होती, करंगळी जाईल एवढी. भेगेच्या ओठांवर पिठासारखी करडी भुकटी साचली होती. तिने तळवा पुढे धरला.

भेग श्वास टाकत होती. गार, कोरडी हवा थांबून थांबून येत होती आणि प्रत्येक झोताबरोबर हाताला बारीक कण लागत होते.

तिने फोन काढला आणि साइटवरच्या इंजिनिअरला, कमलेशला, लावला. "कमलेश, ड्रिल चालू आहे ना? दोन मिनिटं बंद करायला सांगा."

"आता? मॅडम, शेवटची चार भोकं राहिलीत. मी सकाळी सहाला आलेलो, अजून चहा नाय प्यायलो."

"दोनच मिनिटं."

डोंगराच्या टोकाकडची घरघर थांबली. मेघना तळवा धरून उभी राहिली. झोत मंदावला आणि मग थांबला. "करा चालू," ती म्हणाली. घरघर पुन्हा सुरू झाली. थोड्या वेळाने हाताला पुन्हा गार लागलं.

सुरुंगाची भोकं पाडताना दाबाची हवा आत सोडतात, म्हणजे चुरा भोकातून वर उडून येतो. इथे तो भोकातून न येता नव्वद मीटर लांब, आवडाबाईंच्या बोंबलांवर येत होता. हवेला एवढी सरळ वाट मिळत असेल तर सुरुंगाच्या वायूलाही तीच मिळणार होती. आणि ती वाट घरांच्या ओळीला समांतर, घरांच्या बरोबर मागून जात होती. एक भेग असेल तर तिच्यामागे दुसरी असते, तिच्यामागे तिसरी. मेघनाने मान वर करून कातळाकडे पाहिलं. अकरा घरांच्या डोक्यावर उभा असलेला हा डोंगर अखंड दगड नसून लादीपावासारखा असेल, एकाला एक चिकटून उभ्या असलेल्या कापांचा, तर पहिला धक्का त्याला सैल करील आणि पुढचा पाऊस उरलेलं काम करील.

पण तिच्याच अहवालात लिहिलं होतं, 'कातळ अखंड. लहरींचा वेग सेकंदाला चार हजार सहाशे मीटर.' त्या आकड्यावर सुरुंगाच्या दारूचं प्रमाण ठरलं होतं.

आकडा खोटा नव्हता. ती कातळावर बसली आणि तिने तो दिवस पुन्हा आठवून पाहिला. चोवीस जिओफोन, म्हणजे जमिनीचे हादरे ऐकणारे डबे, एका रेषेत लावायचे. टोकाला लोखंडी पट्टीवर हातोडा हाणायचा. हादरा प्रत्येक डब्यापर्यंत किती वेळात पोचला ते बघायचं, त्यावरून वेग काढायचा. रेषा दोन घ्यायच्या असतात, एक उभी आणि एक तिला आडवी. त्या दिवशी गावाने एकच घेऊ दिली. घरांच्या वरून जी पायवाट गावदेवीकडे जाते, तिच्यावर हातोडा चालेल, पण पायवाटेपासून घरांपर्यंतचा सगळा कातळ देवीचा. देवीच्या कातळावर घाव घालायचा नाही. तिथे कुणी कधी पहार लावली नव्हती की कुदळ. मेघनाने पायवाटेवरची रेषा घेतली आणि अहवालात एक ओळ टाकली, 'दुसरी रेषा घेता आली नाही.' ती ओळ कुणी वाचली नव्हती.

पायवाट घरांना समांतर होती आणि भेगही घरांना समांतर होती. डोंगरात चालणारी माणसं पायाला जिथे सपाट लागेल तिथूनच जातात, आणि इथे सपाट पट्टा भेगांच्या दिशेनेच पडला होता. तिची रेषा भेगांना एकदाही ओलांडून गेली नव्हती.

तिने ठाण्याला फोन लावला.

उत्तम सर तिचे वरिष्ठ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "मेघना, अगं, भेगेतून धूळ आली म्हणून मी सुरुंग थांबवू शकत नाही. परवान्यात काय लिहिलंय? कातळाचा वेग अडीच हजारांच्या खाली असेल तर सुरुंग नाही, ब्रेकर मशीनने फोडायचं. मला आकडा दे. खाली आला तर मी स्वतः फोन करून काम थांबवतो. वर आला तर मापक लाव आणि घरी जा."

"सर, वेळ किती आहे?"

"ते तिथे विचार. दारू एकदा भोकांत भरली की ती बाहेर काढता येत नाही. मग उडवावीच लागते."

कमलेश तोवर स्वतःच उतरून आला होता. तिशीचा, डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात वॉकीटॉकी. "मॅडम, काय लफडं काढलंत? दारूची गाडी शीळफाट्याला पोचली. ट्रॅफिक आहे म्हणून, नायतर आत्ता इथे असती."

"किती वेळ अडकेल?"

"शीळफाटा आहे तो. देवालाच माहीत." आयुष्यात पहिल्यांदा मेघनाला शीळफाट्याच्या कोंडीचं बरं वाटलं.

"मला आडवी रेषा घ्यायची आहे. पायवाटेपासून खाली आजींच्या दारापर्यंत. ड्रिल, कॉम्प्रेसर, सगळं बंद लागेल."

"आणि वरून फोन आला की मी काय सांगू? तुमचाच रिपोर्ट आहे ना, चार हजार सहाशेचा?"

"माझाच. म्हणून तर."

कमलेशने हेल्मेट काढून डोकं खाजवलं. "पण दगड तोच. वेग असा एक आणि तसा एक, असं कसं होईल?"

"चाळीत राहिलाय कधी? गल्लीतून सरळ धावत गेलात तर कुणी अडवत नाही. तेच घराघरांतून आडवं जायचं म्हटलं तर प्रत्येक ठिकाणी उंबरा. लाटेचंही तसंच. भेगांच्या दिशेने जाताना तिला अखंड दगड मिळतो. भेगा ओलांडून जायचं तर दर भेगेला ती थोडी अडते, थोडी मागे फिरते. उशिरा पोचते आणि थकून पोचते."

कमलेशने कातळाकडे पाहिलं, मग अकरा घरांकडे. एका घरासमोर लहान मुलांचे कपडे वाळत होते. त्याने वॉकीटॉकी तोंडाजवळ नेली. "कॉम्प्रेसर बंद. मी सांगेपर्यंत बंद." मग मेघनाला म्हणाला, "गाडी येईपर्यंत. गाडी आली की माझ्या हातात काय नाय."

गेल्या महिन्याचं यंत्र, डबे आणि हातोडा कंपनीच्या गाडीतच होते. केबल पायवाटेवरून खाली सोडली. कातळात खिळे ठोकायचे नव्हते, म्हणून तिने डब्यांना तीन पायांच्या तबकड्या लावल्या आणि ओल्या मातीच्या गोळ्यांवर चिकटवल्या. दर दोन मीटरला एक. आवडाबाई दारातून बघत होत्या. "घाव नाय ना घालनार?" "नाही आजी. हे नुसतं ऐकतात." आवडाबाईंनी मान हलवली आणि चौथ्या दांडीवरचे बोंबील उचलून पाटीत टाकायला लागल्या.

वरच्या टोकाला पायवाट होती, तिथे हातोडा चालत होता. मेघनाने पट्टी ठेवली आणि हातोडा उचलला. एक घाव. दुसरा. प्रत्येक घावाची नोंद आधीच्या नोंदीत मिळवत जायची, म्हणजे रस्त्यावरच्या ट्रकची खरखर विरत जाते आणि खरी लाट वर येते. सहाव्या घावाला यंत्राच्या पडद्यावर चोवीसही डब्यांच्या रेषांवर लाट दिसायला लागली. गेल्या महिन्यातली लाट सुरीच्या टोकासारखी धारदार उठली होती. ही बोथट होती, गोलाई आलेली. भेगा बारीक, जलद कंपनं गिळतात. उरतात ती मोठी, सुस्त.

तिने प्रत्येक रेषेवर लाटेची सुरुवात जिथे वाटली तिथे खूण केली आणि मग वेगाची चौकट उघडली.

दोन हजार सातशे.

कमलेशने तिच्या खांद्यावरून वाचलं. "अडीचच्या वर! मग झालं की! मॅडम, घाबरवलंत राव." तो वॉकीटॉकी उचलणार तोच मेघना म्हणाली, "थांबा. हा एका बाजूचा आहे."

"आता आणि काय?"

"पायवाटेखाली मुरूम जाड आहे. खाली घराकडे येताना तो पातळ होत जातो. त्यामुळे वरून खाली येणारी लाट आहे त्यापेक्षा वेगवान भासते. खालून वर मारलं की आहे त्यापेक्षा हळू भासेल. खरा वेग दोन्ही मिळून निघतो. नुसता हा आकडा दिला तर मी पुन्हा तेच करीन, गेल्या महिन्यात केलं ते."

"मग मारा खालून."

दोघांनीही खाली पाहिलं. रेषेचं खालचं टोक आवडाबाईंच्या मागच्या दाराशी होतं. तिथे कातळाला एका जागी शेंदूर लावलेला होता. त्याच्यापलीकडे लगेच भिंत.

मेघना खाली उतरली. "आजी, मला इथे एकदाच..."

"नाय." आवडाबाई पाटीवरून हात न काढता म्हणाल्या. "माजे सासऱ्यानं घर बांधला, तवा चुलीची जागा उंच राहिली, पन कातल नाय तोरला. अजून वाकून भाकर करतंय मी. आन तू हातोरा घालनार?"

"आजी, तुमच्या घरासाठीच करतेय."

"घर माजं. कातल देवीचा."

कमलेशचा फोन वाजला. तो बाजूला जाऊन बोलला आणि परत आला. "गाडी सुटली. कोंडी फुटली." त्याचा आवाज उतरला होता. "मॅडम, पायाने उड्या मारून चालेल काय?"

"धक्का एकदम बसायला हवा. टणक वस्तूचा, एका जागी." बोलता बोलता तिची नजर त्याच्या जीपकडे गेली. मागच्या बाजूला एक गोणपाट उघडं होतं. पहिल्या सुरुंगाआधी प्रत्येक मशीनपुढे फोडायला आणलेले नारळ.

 ती वळून म्हणाली, "आजी, देवीपुढे नारळ कुठे फोडता?"

"कुठं म्हंजे? हितंच. शेंदराचे बाजूला."

"कातळावर?"

"मंग काय डोक्याव?" आवडाबाईंनी पहिल्यांदाच पाटी खाली ठेवली. मेघनाकडे पाहिलं, जीपकडे पाहिलं. ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "नारल चालतं. नारल घाव नाय, मान हाय. पन उगाच टाकाचं नाय. नाव घेऊन फोराचं."

"ओ आजी, ते पूजेचे आहेत," कमलेश म्हणाला.

"मंग ही काय हाय? कुठला रे तू?"

"बाळकुमचा."

"कोनाचा?"

"शिवराम पाटलांचा नातू."

"मंग तुला काय शिकवाचं? चप्पल काढ आन फोर."

कमलेशने बूट काढले, मोजे काढले. ऊन लागून तापलेल्या कातळावर तो एका पायावरून दुसऱ्यावर नाचायला लागला. मेघनाने शेंदराच्या शेजारी, त्याला न लावता, एक डबा चिकटवला. धक्का बसला ती वेळ हा डबा यंत्राला कळवणार होता. "नारळ दर वेळी याच जागी पडला पाहिजे. आणि जोर सारखा."

"मॅडम, मी लग्नात सुद्धा असा नेम धरला नव्हता."

पहिला नारळ चुकला. कातळाच्या कडेला लागून तो न फुटता गडगडत दांड्यांखाली गेला. यंत्राच्या पडद्यावर फक्त खरखर. दुसरा फुटला. पाणी मेघनाच्या पायांवर उडालं आणि पहिल्या आठ डब्यांवर लाट उठली. नवव्यापासून पुढे काही नाही. हातोड्याचा जोर नारळाला कुठून येणार? तिने नोंद ठेवली. "अजून."

तिसरा. चौथा. आवडाबाई दर वेळी देवीचं नाव घेत होत्या आणि फुटलेल्या वाट्या उचलून जागा पुसत होत्या. पाचव्याला बारावा डबा बोलला. मुख्य रस्त्यावरून रेतीच्या ट्रकची रांग गेली, तशी मेघनाने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. ट्रक संपेनात. कमलेश डोक्यावर नारळ धरून उभा राहिला. 

"आता."

सहावा. सातवा. सोळावा डबा, मग सतरावा. आठव्या नारळाला एकोणिसाव्या डब्यावर एक पुसट लाट वर आली, वाटावं की डोळ्याचाच भास. तिने अजून एक मागितला. पुसट लाट तिथेच राहिली, थोडी ठळक झाली. भास दोनदा एकाच जागी येत नाही.

"पुरे," ती म्हणाली.

डोंगराच्या टोकाकडून गाडीचा आवाज आला. पुढे लाल झेंडा, मागे लाल झेंडा, मध्ये दारूची गाडी. ती वळणावर आली आणि भोकांच्या रांगेपाशी थांबली. वॉकीटॉकी खरखरली. "साहेब, भरायला घेऊ काय?"

कमलेशने मेघनाकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही. वेगाची चौकट तिने मुद्दाम बंद ठेवली होती. आकडा दिसत असला की खूण आपोआप हव्या त्या बाजूला सरकते, आणि आता तिला कुठला आकडा हवा आहे हे तिला स्वतःला ठाऊक होतं. गेल्या महिन्यात तिला मोठा हवा होता, कारण मोठा आला की काम संपत होतं. आज लहान हवा होता. दोन्ही इच्छा सारख्याच घातक. ती एकेका रेषेवर जात होती. लाट कुठे सुरू झाली? इथे की एक ठिपका अलीकडे? शंका आली तिथे ती मोठ्या वेगाच्या बाजूची खूण धरत होती.

"साहेब? भरायचं ना?"

"थांब जरा," कमलेश वॉकीटॉकीत म्हणाला.

"ड्रायव्हर म्हणतोय, गाडी उभी ठेवता येत नाय. वरून पण फोन येतोय. घेतो भरायला."

"मी थांब म्हटलं ना रे!" तो ओरडला. मग हळू आवाजात, "मॅडम, लवकर."

पंधरावी रेषा. सोळावी. आवडाबाई दारात उभ्या होत्या, हातात फुटक्या नारळाची वाटी.  सतरावी. अठरावी. एकोणिसावीवर मेघनाने खूण केली, पुसली आणि पुन्हा तिथेच केली.

फोन वाजला. उत्तम सर. तिने तो स्पीकरवर टाकून कातळावर ठेवला.

"मेघना, मला विचारतायत. काय सांगू?"

"एक मिनिट, सर."

तिने चौकट उघडली. यंत्राने वरून खाली आलेल्या लाटेचा आकडा पहिल्या ओळीत ठेवला, खालून वर गेलेल्या लाटेचा दुसऱ्या ओळीत, आणि तिसरी ओळ क्षणभर रिकामी राहिली.

"उतरताना दोन हजार सातशे," तिने वाचलं. "चढताना एक हजार सहाशे दोन."

"मिळून?"

तिसरी ओळ भरली.

"दोन हजार चार मीटर, सेकंदाला."